मिंधं न करणारा चांगुलपणा

एका टीम लीडनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्याकडे 11 जणांची टीम आली. तिमाही आढाव्याच्या आदल्या रात्री त्यांनी अहवाल कसाबसा संपवला, कॉमन फोल्डरमध्ये टाकला आणि घरी गेले. सकाळी येऊन पाहतात तर तक्त्यांचे चुकलेले क्रमांक दुरुस्त झालेले, एका बेरजेपाशी ‘हा महिना दोनदा धरला गेलाय का?’ अशी टीप (तो खरंच दोनदा धरला गेला होता), आणि टेबलावर आठ प्रती क्रमाने लावून, पिना मारून ठेवलेल्या. काम प्रिंटरशेजारच्या सगळ्यांच्या वापरातल्या कॉम्प्युटरवरून झालेलं, त्यामुळे कोणी केलं ते आजपर्यंत कळलेलं नाही. ते विचारतात: अशा छोट्या गोष्टींनी कामात खरंच फरक पडतो, की नुसतं तेवढ्यापुरतं बरं वाटतं? टीममध्ये हे वाढावं म्हणून एखादा उपक्रम सुरू करावा का? मी स्वतः काही करायला गेलो तर ‘मस्का लावतोय’ किंवा ‘अमक्यावर मर्जी आहे’ असं बोललं जाईल, त्याचं काय? आणि शेवटचा प्रश्न: हे कोणी केलं ते शोधून काढू का?

मी 26 वर्षं एचआरमध्ये काम करते आहे. त्याआधी चार वर्षं अकाउंट्समध्ये क्लार्क होते. या विषयावर मला जे काही कळलंय त्याची सुरुवात त्या चार वर्षांत झाली, म्हणून आधी तिथलंच सांगते.

दुसऱ्या वर्षी माझे वडील गेले. पंधरा दिवसांनी कामावर आले तेव्हा नेमकी महिनाअखेर होती. येताना दोन गोष्टींची धास्ती होती. एक, टेबलावर साचलेले कागद. दुसरी, दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन ‘कसं झालं हो अचानक?’ विचारणार, आणि मला प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागणार. टेबलापाशी पोचले तर कागदांचे तीन गठ्ठे होते. प्रत्येकावर एक चिठ्ठी. पहिलीवर ‘हे आजच.’ दुसरीवर ‘शुक्रवारपर्यंत चालेल, विचारून घेतलंय.’ तिसरीवर ‘हे झालंय, फक्त नजर टाका.’ अक्षर आवक-जावक बघणाऱ्या बाईंचं होतं. सगळं पेन्सिलीने लिहिलेलं, म्हणजे मला क्रम बदलावासा वाटला तर खोडता यावं. दुपारपर्यंत माझा फोन एकदाही वाजला नाही. नंतर कळलं की माझे कॉल आवक-जावकच्या टेबलाकडे वळवलेले होते. मी मागे वळून पाहिलं तेव्हा बाई नोंदवहीत मान घालून आलेली पत्रं चढवत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला तिथेच रडू कोसळलं असतं, आणि ते त्यांना ठाऊक असावं.

त्या दिवसाबद्दल मी आजवर खूप विचार केला. बाईंनी सांत्वन केलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही, ‘काही लागलं तर सांग हं’ असंही म्हणाल्या नाहीत. हे शेवटचं वाक्य आपण सगळेच म्हणतो, मनापासून म्हणतो, पण त्यात काय लागेल हे ठरवायचं आणि ते मागायचं असं दुहेरी काम समोरच्याच्या अंगावर पडतं. बाईंनी ते काम स्वतःकडे घेतलं. माझ्या कामातलं कुठलं आज टळणार नाही आणि कुठलं थांबू शकतं, हे त्यांनी चार ठिकाणी विचारून ठरवलं होतं. आणि मुख्य म्हणजे त्यांनी मला मिंधं केलं नाही.

माझं सगळं उत्तर या मिंधेपणाभोवतीच फिरतं. मदत घेणारा माणूस मनातल्या मनात हिशोब मांडत असतो: आता मी यांचा देणेकरी झालो का? माझं अडलंय हे चारचौघांत दिसलं का? मला हे जमत नव्हतं असा याचा अर्थ होतो का? ज्या मदतीनंतर हे प्रश्न उठतच नाहीत ती अंगाला लागते. ज्या मदतीनंतर ते उठतात ती कितीही मोठी असो, माणूस तिच्याखाली दबतो. बाहेरून बघणाऱ्याला मात्र दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून टीम लीडची फसगत होते.

हे नुसतं माझ्या अनुभवाचं सांगत नाही. 2000 साली मानसशास्त्रज्ञ नायल बोल्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वकिलीच्या परीक्षेला बसणारे लोक आणि त्यांचे जोडीदार यांच्या रोजच्या नोंदी तपासल्या. जोडीदार म्हणत होता ‘मी आज आधार दिला’, पण परीक्षा देणाऱ्याच्या नोंदीत तो आधार आलाच नव्हता, अशा दिवसांनंतर परीक्षार्थीचं मन जास्त ठिकाणावर राहत होतं. जो आधार ‘आधार’ म्हणून जाणवला, त्याने उलट कधीकधी ताण वाढवला. संशोधकांनी त्याला अदृश्य आधार म्हटलं. आवक-जावकच्या बाईंनी फोन वळवला तो या जातीचा. मला तो मदत म्हणून जाणवलाच नाही, फक्त सकाळ शांत गेली.

आता तुमचा पहिला प्रश्न, फरक पडतो का. पडतो, आणि करणाऱ्याला वाटतो त्यापेक्षा जास्त पडतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2023 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यातला एक शिकागोच्या मॅगी डेली पार्कमधला, थंडीच्या दिवसांतला. 84 लोकांना गरम चॉकलेटचा एक कप दिला आणि सांगितलं, स्वतःला ठेवा किंवा अनोळखी माणसाला द्या. 75 जणांनी दिला. घेणाऱ्याला किती छान वाटेल याचा अंदाज देणाऱ्यांना उणे 5 ते अधिक 5 या मापावर करायचा होता. सरासरी अंदाज आला 2.7. घेणाऱ्यांनी प्रत्यक्षात सांगितलं 3.5. देणारा बघत असतो वस्तूकडे: काय, एक कप तर दिला. घेणाऱ्याच्या मनात ‘यांना माझी आठवण आली, माझ्यासाठी हे थांबले’ हे भरून राहिलेलं असतं. अचानकपणाची खरी किंमत इथे आहे. अपेक्षित गोष्ट नियमात बसते. अनपेक्षित गोष्टीला कुठलंच कारण सापडत नाही, म्हणून माणूस कारण म्हणून स्वतःला धरतो: हे माझ्यासाठी झालं.

या अंदाजाच्या चुकीचा कामाच्या जागी मोठा तोटा होतो. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय सांगायचं’ असं म्हणत आपण चांगलं बोलायचं, कळवायचं, करायचं राहू देतो. अडून बसतो ते आपल्याच चुकीच्या हिशोबापायी.

दुसरा पुरावा थेट कामाच्या ठिकाणचा आहे. स्पेनमधल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांवर चार आठवड्यांचा प्रयोग झाला, तो 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जोसेफ चॅन्सेलर, सोन्या ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांचा. काही जणांना सांगितलं होतं की ठरावीक सहकाऱ्यांसाठी छोट्या छोट्या चांगल्या गोष्टी करा. ज्यांच्यासाठी करायच्या त्यांना याची कल्पना नव्हती. ज्यांना त्या मिळाल्या त्यांनी पुढे इतरांसाठी केलेल्या अशा गोष्टी, ज्या गटाला काहीच मिळालं नव्हतं त्याच्यापेक्षा 278 टक्के जास्त होत्या. करणाऱ्यांनाही फायदा झाला: पुढच्या काळात त्यांची उदासी कमी दिसली, कामाबद्दलचं समाधान वाढलेलं दिसलं. मला यातली पुढे सरकण्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. बाईंनी माझे गठ्ठे लावले म्हणून मी बाईंचे गठ्ठे लावले नाहीत, त्यांना त्याची गरजच नव्हती. मी पुढच्या वर्षी बाळंतपणाच्या रजेवरून आलेल्या एका मुलीचे लावले. फेड अशी दुसऱ्याच माणसाकडे वळते तेव्हा मिंधेपणा उरत नाही.

‘पण हे मनाचं झालं, कामाचं काय?’ असं तुमचे वरिष्ठ विचारतील. त्यांना उलट्या बाजूने सांगा. 2015 मध्ये इस्रायलमध्ये नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातल्या 24 टीमना सरावासाठी एक प्रसंग दिला गेला: अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तब्येत अचानक बिघडतेय. काही टीमना बाहेरच्या तज्ज्ञाच्या तोंडून दोनचार उर्मट शेरे ऐकवले, बाकीच्यांना साधं बोलणं. उर्मटपणा ऐकलेल्या टीमचं निदानही घसरलं आणि हातातलं कामही. कारण शोधलं तेव्हा दिसलं की त्या टीममधली माणसं एकमेकांना माहिती कमी देत होती आणि मदत कमी मागत होती. एरवी जाणकार असलेली डॉक्टर-नर्स मंडळी चार शब्दांनी एवढी मिटून जातात. तुमच्या अहवालातली चुकलेली बेरीज ज्याने दाखवली त्याला ती दाखवायचा धीर झाला, हे लक्षात घ्या. ज्या टीममध्ये माणसं मिटलेली असतात तिथे ती बेरीज तशीच सभेत गेली असती.

आता उपक्रमाबद्दल. इथे मी जरा ठासून बोलणार आहे, कारण हे मी स्वतः करून चुकलेली आहे. अकरा-बारा वर्षांपूर्वी एका कंपनीत मी ‘आश्चर्याचा शुक्रवार’ सुरू केला. सोमवारी प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची, त्यावर ज्याचं नाव असेल त्याच्यासाठी शुक्रवारपर्यंत काहीतरी चांगलं गुपचूप करायचं. पहिले दोन आठवडे मजा आली. तिसऱ्या आठवड्यापासून शुक्रवारी दुपारी लोक घाईघाईने काहीतरी उरकू लागले. टेबलांवर एकसारखे चिकट कागद दिसायला लागले, सगळ्यांवर एकच वाक्य: ‘तुम्ही छान काम करता.’ पाचव्या आठवड्यानंतर डिस्पॅचमधली एक मुलगी माझ्याकडे आली. एरवी फार बोलायची नाही ती. म्हणाली, ‘मॅडम, माझं नाव चिठ्ठ्यांमधून काढता का? तीन शुक्रवार मला काहीच आलं नाही. आधी मला असं काही वाटत नव्हतं.’ तिचं नाव ज्यांना आलं त्यातला एक रजेवर होता, दोघे विसरले. कोणीही वाईट नव्हतं. पण चांगुलपणाची तारीख मी ठरवून दिली आणि तारीख उलटली तेव्हा तिला पहिल्यांदा जाणवलं की आपण कोणाच्या खिजगणतीत नाही. त्या सोमवारी मी उपक्रम बंद केला. तिची माफी मागितली.

मग स्पेनमध्ये ठरवून केलेलं का चाललं? तिथे घेणाऱ्यांना माहीत नव्हतं, हे माझ्या मते कारण. अपेक्षा नव्हती, म्हणून न येण्याचं दुःखही नव्हतं. शिवाय तो चार आठवड्यांत संपला. तुम्ही उपक्रम जाहीर केलात की ती अपेक्षा होते, गुण मिळू लागले की ती स्पर्धा होते. ‘महिन्याचा सर्वांत दयाळू कर्मचारी’ असं काही करायचं डोक्यात असेल तर कृपा करून सोडून द्या.

त्यापेक्षा तुमच्या हातातलं दुसरं काही आहे आणि ते जास्त कामाचं आहे. अशा गोष्टी होण्यासाठी दोन गोष्टी लागतात. माणसाला दुसऱ्याचं काम दिसायला हवं, आणि त्याच्याजवळ थोडा मोकळा वेळ हवा. तुमच्या टीममध्ये शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं काम नेमकं कुठे अडतं, हे किती जणांना ठाऊक आहे? ज्या ठिकाणी मी दर पंधरवड्याला अर्धा तास ‘माझं काम कसं चालतं’ एवढंच एकेकाला दाखवायला लावलं, तिथे पुढचं आपोआप झालं. एका बाईंनी दाखवलं की त्यांना रोज येणाऱ्या फायलींची नावं वेगवेगळ्या पद्धतीची असतात, त्यामुळे सकाळचा पाऊण तास नुसती नावं बदलण्यात जातो. दुसऱ्या दिवसापासून फायली पाठवणाऱ्या तिघांनी कोणी न सांगता नावं एका पद्धतीने द्यायला सुरुवात केली. त्यांचा मिळून दिवसाला अर्धा मिनिट गेला असेल, बाईंचा पाऊण तास वाचला. मला विचाराल तर कामाच्या जागचा सर्वांत सुंदर चांगुलपणा हा आहे: पुढच्या माणसाला तुमच्या हातून गेलेलं काम हातात घेताना अडखळायला होऊ नये.

शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना हे पटकन कळेल. पाळी बदलताना वहीत ‘सर्व ठीक’ लिहून जाणारा एक आणि ‘तीन नंबरचा व्हॉल्व्ह घट्ट झालाय, आधी थोडा उलटा फिरवून मग सोडा. पार्ट मागवलाय, परवा येईल’ असं लिहून जाणारा दुसरा. दुसऱ्याने पाळी संपल्यावर स्वतःची दोन मिनिटं खर्च केलेली असतात, जेव्हा पाय घराकडे ओढत असतात. ती दोन मिनिटं कुठल्याच रजिस्टरमध्ये येत नाहीत.

एमी रेझनीव्स्की आणि जेन डटन या संशोधकांचं काम याच संदर्भात आठवतं. त्यांनी हॉस्पिटलमधल्या सफाई कर्मचाऱ्यांशी बोलून 2001 मध्ये दाखवलं की काही जण आपलं काम नेमून दिलेल्या यादीपलीकडे स्वतःच घडवत असतात. त्यांच्यात शुद्धीवर नसलेल्या रुग्णांच्या विभागात काम करणारी एक बाई होती, ती रुग्णांच्या खोल्यांमधली भिंतीवरची चित्रं अधूनमधून बदलून लावायची. डोळ्यांसमोर काहीतरी वेगळं आलं तर कदाचित उपयोग होईल, म्हणून. यादीत हे कुठेच नव्हतं. पण ती रोज त्या खोलीत जात होती, म्हणून तिला ते सुचलं. जवळून बघणाऱ्यालाच सुचतं.

मोकळ्या वेळाबद्दल एवढंच सांगते: टीम गळ्यापर्यंत कामात बुडालेली असेल तर माणसं मुळात वाईट नसूनही तुसडी होतात. अशा वेळी चांगुलपणाची भाषणं करू नका, काम कमी करा नाहीतर माणसं वाढवून मागा. कमी पगार, न मिळणाऱ्या रजा, रोजचं जादा थांबणं यांवर छोट्या प्रेमळ गोष्टींचं पांघरूण घालणाऱ्या कंपन्या मी पाहिल्या आहेत. लोकांना ते लगेच कळतं आणि त्यानंतर खऱ्या चांगुलपणाचाही संशय यायला लागतो.

तुमची तिसरी भीती, मस्का आणि मर्जी. ती बिनबुडाची नाही. तुम्ही त्यांचे वार्षिक गुण देता. तुमच्या हातून झालेली कुठलीही गोष्ट त्या खुर्चीचा रंग घेऊन जाते. म्हणून लीडचा चांगुलपणा शक्यतो कामातून व्हावा, वस्तूंमधून नव्हे. भेटवस्तू, घरी सोडणं, एकट्याला बाहेर नेणं हे हेतू कितीही निर्मळ असला तरी समोरच्याला पेचात टाकतं. त्याला ‘नको’ म्हणता येत नाही, आणि ज्याला नको म्हणता येत नाही तो मिंधा होतोच. त्याऐवजी तुमच्या पदामुळे जे फक्त तुम्हीच करू शकता ते करा. वरिष्ठांना मेल पाठवताना ‘ही चूक अमक्यांनी वेळेत पकडली’ असं एक नेमकं वाक्य लिहा आणि त्यांना कॉपी ठेवा. मीटिंगमध्ये कोणाचं बोलणं तोडलं गेलं तर ‘थांबा, त्यांचं वाक्य पुरं होऊ दे’ म्हणा. रात्री 11 वाजता सुचलेला मेसेज सकाळी 9 ला जाईल असा लावून ठेवा. सुट्टी मंजूर करताना कारण विचारू नका. नवीन माणसाचं नाव कसं उच्चारायचं ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि ते बरोबर म्हणा, इतर चुकले तरी. हे सगळ्यांसाठी करता येतं, कोणावर खास मर्जी ठरत नाही.

मस्का आणि चांगुलपणा यांत लोक फरक कसा करतात? मी नोकरी सोडून जाणाऱ्यांचे अनेक एक्झिट इंटरव्ह्यू घेतले आहेत आणि उत्तर जवळजवळ नेहमी एकच येतं: साहेब ज्यांच्याकडून काही मिळण्यासारखं नाही त्यांच्याशी कसे वागतात. सिक्युरिटीवाले, हाउसकीपिंगचे लोक, कंत्राटी डेटा एन्ट्रीवाले, राजीनामा दिलेला आणि नोटीस पिरियडवर असलेला माणूस. या शेवटच्याकडे विशेष लक्ष द्या. राजीनामा दिल्यानंतरचे ते दिवस फार एकटे असतात. मीटिंगची निमंत्रणं बंद होतात, माणसं नजर चुकवतात. त्या दिवसांत कोणी त्याच्याजवळ बसून ‘तुम्ही केलेलं ते अमुक काम मी नीट समजून घेतो, वाया जाऊ देणार नाही’ म्हणालं तर तो माणूस ते जन्मभर लक्षात ठेवतो. आणि मागे राहिलेले दहा जणही ते बघत असतात.

एक धोका तुम्ही विचारलेला नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. निरोप समारंभाचं कार्ड कोण आणतं, नव्या माणसाला जागा कोण दाखवतं, मीटिंगचे मुद्दे कोण लिहून काढतं? यादी करून बघा. लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की ज्या कामांनी बढती मिळत नाही ती कामं स्वतःहून उचलण्यात स्त्रिया पुढे असतात, त्यांना ती सांगितलीही जास्त जातात, आणि सांगितल्यावर त्या ‘हो’ही जास्त म्हणतात. दोनतीन महिन्यांनी बघाल तर सगळा ‘उत्स्फूर्त’ चांगुलपणा त्याच दोघींच्या खांद्यावर असतो. ज्याची वाट बघितली जाते तो चांगुलपणा राहत नाही, ती बिनपगारी ड्यूटी होते. अशी कामं पाळीने वाटून द्या. मग त्या दोघींच्या हातून जे होईल ते खरोखर त्यांच्या मर्जीने होईल.

आणि न मागता मदत करायला धावणाऱ्यांबद्दल. माझ्यातही हा दोष होता. एका नव्या मुलाचं प्रेझेंटेशन मी रात्रीत बसून ‘सुधारून’ दिलं. सभेत मी ते आनंदाने सांगितलंही. त्याचा चेहरा पडला. स्लाइड चांगल्या झाल्या, पण त्या त्याच्या राहिल्या नव्हत्या. 2019 च्या एका अभ्यासात, हुन व्ही ली आणि रसेल जॉन्सन यांच्या, असंच दिसलं की स्वतःहून केलेल्या मदतीला मागितल्यावर केलेल्या मदतीपेक्षा कमी आभार मिळतात, आणि त्यामुळे करणाराही खट्टू होतो. याचा अर्थ हात बांधून बसा असा नाही. माणसाच्या कामाच्या आजूबाजूचा अडथळा दूर करा, त्याच्या कामात हात घालू नका. बाईंनी माझे गठ्ठे लावले, माझी व्हाउचर्स तपासली नाहीत. तुमच्या अहवालातही बेरीज परस्पर बदललेली नाही, प्रश्नचिन्ह टाकून तुमच्यासाठी सोडली आहे. ज्याने कोणी केलं त्याला ही मर्यादा बरोबर कळते.

घेणाऱ्यानेही थोडं शिकायला लागतं. आपल्याला ताबडतोब फिट्टंफाट करायची घाई असते. सकाळी कोणी शिफ्ट बदलून दिली की संध्याकाळपर्यंत त्याच्या हातावर काहीतरी ठेवून मोकळं व्हायचं. असं केलं की समोरच्याचा आनंद व्यवहारात जातो. नुसतं घ्या. आणि आभार मानताना ‘थँक यू सो मच’वर थांबू नका, त्यामुळे तुमचं नेमकं काय सुटलं ते सांगा: ‘तू शिफ्ट घेतलीस म्हणून आईच्या डॉक्टरांना पहिल्यांदा मी स्वतः भेटले.’ अ‍ॅडम ग्रँट आणि फ्रान्चेस्का जिनो यांच्या 2010 च्या प्रयोगात ज्यांना मदतीबद्दल मनापासून आभाराचे शब्द मिळाले त्यांच्यापैकी 66 टक्के पुन्हा मदतीला तयार झाले. ज्यांना नुसती पोच मिळाली त्यांच्यापैकी 32 टक्के. आभारांमुळे ‘मला हे काम जमतं’ असं वाटलं म्हणून नव्हे, तर ‘माझी कोणाला तरी किंमत आहे’ असं वाटलं म्हणून.

राहिला शेवटचा प्रश्न, शोधू का. 

आवक-जावकच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा मी ती कंपनी सोडून बरीच वर्षं झाली होती, तरी मुद्दाम गेले. त्यांना तिन्ही चिठ्ठ्यांबद्दल बोलले, पेन्सिलीबद्दल बोलले, आणि म्हटलं, त्या दिवशी फोन तुमच्याकडे वळवलात त्याने तर मी वाचले. बाई म्हणाल्या, ‘गठ्ठे मी लावले. फोनचं माझ्या डोक्यातही नव्हतं गं. ते स्विचबोर्डवाल्यांनी केलं. सकाळी मलाच फोन करून म्हणाले, तिचे कॉल आज दुपारपर्यंत तुमच्याकडे देतो, घ्याल ना?’ स्विचबोर्डवर तेव्हा एक काका होते. त्यांच्याशी चार वर्षांत माझं बोलणं झालं ते ‘नंबर लावून द्या’ एवढंच. बाईंना त्यांचा पत्ता माहीत नव्हता. ऑफिसातल्या जुन्या दोघांना विचारलं, कोणालाच सांगता आलं नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, चौकशी करू नका. ज्याने नाव लपवलं त्याची ती इच्छा आहे, आणि शोधत गेलात तर बाकी दहा जणांना ‘आपण नव्हतो’ हे सांगत बसावं लागेल. शिवाय तुम्हाला वाटतंय तेवढं ते एकाच माणसाचं काम नसेलही. आज टीमच्या ग्रुपवर लिहा: ‘आढाव्याच्या सकाळी अहवालातले क्रमांक, ती बेरजेची टीप आणि लावून ठेवलेल्या प्रती, या तिन्हींमुळे मी सभेला शांतपणे गेलो. तो महिना खरंच दोनदा धरला गेला होता. ज्यांनी ज्यांनी केलं त्यांना हे कळावं म्हणून लिहितोय.’ उत्तराची वाट बघू नका. फक्त लिहायला उशीर करू नका.